पाचवी खाच

माणसाला मोटरसायकल चालवता येते की नाही, हे आपल्याकडे त्याला आठ काढायला लावून ठरवतात. शांतपणे विचार केला तर ही मोठी गमतीची गोष्ट आहे. सीताबर्डीहून इतवारीला निघालेला माणूस जमेल तितका सरळ जातो. जमत नाही तिथे हवालदाराची नजर चुकवून थोडा उलटाही जातो. पण आठाच्या आकारात कुणी कधी कुठे गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. दूध आणायला निघालेला गृहस्थ रस्त्यावर आठ काढत चालला, तर लोक त्याला थांबवतील, सावलीत बसवतील आणि घरचा नंबर विचारतील. तरीही परवान्यासाठी आठच लागतो, आणि तोही इंग्रजी आठ. आपल्या देवनागरी ८ वर भागलं असतं तर काय बहार होती! एक ऐसपैस वळण घ्यायचं आणि शेपटाच्या दिशेने फाटकातून बाहेर पडायचं, ते थेट घरी. इंग्रजी आठाला बाहेरची वाटच नाही. जिथून निघालात तिथेच तो आणून सोडतो, आणि मध्ये एकदा तुमचीच मघाची वाट तुम्हाला ओलांडायला लावतो.

पण ज्याने कुणी हा आकार परीक्षेसाठी नेमला, तो माणूस दुचाकी ओळखून होता. मोटरसायकल जोरात नेण्यात फारसं कौशल्य नाही. वेगात ती बरीचशी आपली आपणच सावरते. ती का सावरते, याचं संपूर्ण उत्तर अजून विद्वानांनाही सापडलेलं नाही. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा तोल, हे उत्तर आपण शाळेपासून देत आलो. पण २०११ साली डेल्फ्ट आणि कॉर्नेल या विद्यापीठांतल्या संशोधकांनी अशी एक छोटी सायकल बनवली, की जिच्यात भोवऱ्याचा तो गुण मुद्दाम रद्द केला होता, पुढच्या चाकाच्या मांडणीतून मिळणारा आधारही काढून घेतला होता, आणि तरी ती ढकलल्यावर कुणाच्या मदतीशिवाय तोल राखून गेली. अठरा वर्षांच्या पोराला वाटतं, गाडी आपण चालवतोय. गाडी त्याचा गैरसमज दूर करत नाही, इतकंच. खरी ओळख होते ती हळू चालवताना. आठ काढताना क्लच अर्धा दाबलेला, मागच्या ब्रेकवर पायाचा नुसता भास, आणि नजर चाकाच्या पुढ्यात न ठेवता जिथे जायचं तिथे. ही तिन्ही कामं एकदम करणं म्हणजे विलंबित ख्यालात समेवर येण्यासारखं आहे. घाई केली तर बेताल, रेंगाळलं तर पाय जमिनीवर. आणि परीक्षेत पाय टेकला की संपलं.

हे शहाणपण मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलं, कारण तोवर माझं गिअरशी काही देणंघेणं नव्हतं. आमच्या पिढीतल्या नागपूरच्या मुली लुनावर वाढल्या. १९७२ मध्ये फिरोदियांनी बाजारात आणलेली ही लुना मोटरसायकल आणि सायकल यांच्यामधल्या पायरीवर कायमची बसून राहिली होती. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायची सोय होती. इंजिन ५० सीसीच्या आतलं, त्यामुळे कायद्याने सोळाव्या वर्षी चालवता यायची. तोंडाला दुपट्टा गुंडाळून, फक्त डोळे उघडे ठेवून धरमपेठेतून कॉलेजला जाणाऱ्या मुलींची ती फौज बाहेरगावच्या पाहुण्यांना दरोडेखोरांच्या टोळीसारखी वाटायची. आम्हाला ते फक्त ऊन चुकवणं होतं. लुनानंतर स्कूटी आली, पण परवाना तोच राहिला, गिअरविना दुचाकीचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात एक मोठं मार्मिक कलम आहे. गिअरच्या मोटरसायकलची परीक्षा जो पास झाला, तो गिअर नसलेल्या गाडीचीही परीक्षा पास झाला असं समजावं. उलट बाजूने मात्र असं काही समजू नये. गिअर नसलेल्या गाडीवर तुम्ही अख्खी हयात घालवा, शनिवारी पोराबाळांना शिकवणीला सोडा, गॅसचं सिलिंडर पायाशी ठेवून आणा. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही अजून अर्ध्याच शिकलेल्या.

मी हे अर्धेपण सुखाने मिरवत होते. मग एका दिवाळीत बाबांनी गाडी चालवणं सोडलं. कुणी सोडायला लावलं नाही. त्यांनी आपणच किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीवर लटकवली आणि जाहीर केलं, "आता डोळ्यांचा भरवसा नाही." गाडी म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त होताना घेतलेली शंभर सीसीची मोटरसायकल. चारही गिअर पुढे दाबून पडणारे, रंग काळा, टाकीवर एक ओरखडा, ज्याच्या उगमाबद्दल घरात दोन पंथ आहेत. ती विकायची बाबांची तयारी नव्हती, आणि उभी ठेवायचीही नव्हती. "गाडी उभी राहिली की खराब होते," ते म्हणाले. ते फक्त गाडीबद्दल बोलत होते असं मला वाटलं नाही. म्हणून मी शिकाऊ परवाना काढला. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल लावला. नियमात त्याचंही माप आहे: पाटी १८ सेंटिमीटर चौरस, अक्षर १० सेंटिमीटर उंच. या वयात एल लावून फिरणाऱ्या बाईकडे लोक ज्या आदराने वाट मोकळी करून देतात, तो आदर मला नोकरीतल्या बढतीनंतरही मिळाला नव्हता.

सराव आमच्या ले-आउटच्या मैदानावर. पोरं क्रिकेट खेळून गेली की मी उतरायचे आणि बाबा सिमेंटच्या बाकावर बसून सूचना द्यायचे. त्यांच्या सूचना फार संक्षिप्त असतात. पाटबंधारे खात्यात टिपण्या लिहून ही सवय लागली असावी. "क्लच." "नजर." "क्लच." मध्येच ते आपल्या परीक्षेची गोष्ट सांगत. त्यांचा परवाना १९३९ च्या कायद्याखालचा, म्हणजे फोटो डकवलेली चिमुकली पुस्तिका. गाडी मित्राची, राजदूत, धूर आणि आवाज भरपूर. साहेबाने म्हणे एका कडुलिंबाकडे बोट दाखवलं, "त्या झाडाला फेरी मारून या," आणि बाबा फेरी मारून आले तोवर साहेब चहाला निघून गेलेला. "मग पास कसे झालात?" "झाड जागेवर होतं ना," बाबा म्हणाले.

माझी परीक्षा इतकी सुटसुटीत झाली नाही. परिवहन कार्यालयाचं आवार ही नागपुरातली एक वेगळीच वस्ती आहे. गाड्यांच्या पाट्यांवर एमएच ३१ वाले शहराचे, ४९ वाले पूर्व नागपूरचे आणि ४० वाले ग्रामीणचे. तिन्ही अंक एकमेकांच्या चालवण्याविषयी फारसं चांगलं बोलत नाहीत. रांगेत सगळी कॉलेजातली पोरं. त्यांनी मला आधी कुणाची तरी आई समजून सावलीतली जागा दिली, आणि माझ्या हातातला अर्ज बघून एकाने विचारलं, "काकू, तुमचीच टेस्ट आहे?" मी हो म्हटल्यावर त्याने मित्राला हलकेच सांगितलं, "बघ बे, अन् तू घाबरून राहिला." मोटार वाहन निरीक्षक म्हणजे खाकीतला एक शांत, घामाने भिजलेला माणूस. दिवसभर आठ बघून त्याच्या चेहऱ्यावर अनंताच्या चिन्हाकडे पाहणाऱ्या योग्याची निर्विकार कळा आली होती. अनंताचं चिन्हही आडवा आठच की! त्याने मान हलवली, मी निघाले. क्लच, नजर, क्लच. कुठलीही आपत्ती आली नाही. परत जागेवर आले तेव्हा तो पुढच्या पोराकडे बघत होता. काही दिवसांनी टपालाने परवाना आला. जुन्या परवान्यावर गिअरविना दुचाकीसाठी इंग्रजी पाच अक्षरं होती, नव्यावर गिअरसाठी चारच. पात्रता वाढली की अक्षरं कमी होतात, हे मला विद्वानांच्या बाबतीतही पाहायला आवडेल.

खरं तर नागपूरच्या माणसाची वाहनपरीक्षा याच्या फार आधी झालेली असते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. भोसल्यांच्या काळापासून चालत आलेली ही चाल. मोठ्यांचे खरे बैल आदल्या दिवशी सजतात, दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन निघतात. बैलाला चार लाकडी चाकं, नाकात दोरी, शिंगांना बेगड. गल्लीतल्या पटांगणात रांग लागते, परीक्षक येतात, कुणाचा बैल सुंदर आणि कुणाची वेशभूषा बरी ते पाहतात, आणि बक्षीस म्हणून वही-पेन्सिल किंवा स्टीलची वाटी मिळते. त्या बैलाला स्प्रिंग नसते. रस्त्याचा प्रत्येक खडा चाकातून बैलात, बैलातून दोरीत आणि दोरीतून तळहातात येतो. पोराला रस्ता हातानेच कळतो. माझा बैल दर दहा पावलांवर आडवा व्हायचा आणि बाबा मागून सांगायचे, "हळू ओढ, तो पडत नाही, तू पाडून राहिली." मैदानातल्या बाकावरून येणाऱ्या सूचना तेव्हापासूनच्या आहेत.

परवाना मिळाला आणि मी गाडी रोज काढू लागले, तेव्हा एक विचित्र गोष्ट लक्षात आली. गाडी उडत होती. नागपूरचे रस्ते आता पुष्कळसे सिमेंटचे झाले आहेत. ते खड्ड्यांपेक्षा बरे, पण त्यांच्या तुकड्यांमध्ये सांधे असतात, आणि प्रत्येक सांध्यावर ही गाडी मला सीटवरून थोडीशी उचलून पुन्हा ठेवायची. प्रतापनगर ते शंकरनगर जाईतो माझी मणक्यांशी नव्याने ओळख झाली. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली. ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने मागचा भाग दोन्ही हातांनी दाबून पाहिला, सोडला, पुन्हा दाबला, वैद्याने नाडी बघावी तसं आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "शॉकअप चांगले आहेत ताई. पण तुम्ही एकट्याच बसून राहिल्या, अन् गाडी तं दोघांच्या हिशोबानं उभी आहे."

मग त्याने मला खाली वाकून दाखवलं. मागच्या चाकाच्या दोन बाजूंना दोन शॉकअप, कीर्तनकाराच्या मागे उभ्या असलेल्या दोन टाळकऱ्यांसारखे. दोघांनी एकाच ठेक्यात वाकायचं, एकाच ठेक्यात उभं राहायचं. प्रत्येकाच्या अंगावर स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या बुडाशी एक कडं. कड्याला जिन्यासारख्या चढत जाणाऱ्या पाच खाचा. कडं फिरवलं की स्प्रिंग एकेक पायरी वर चढते. आमच्या गाडीची कडी दोन्ही बाजूंनी पाचव्या खाचेवर होती, सगळ्यात वरच्या. कितीतरी वर्षं ती तिथून हलली नसावी. खाचेत माती बसून तिचा दगड झाला होता.

मी विचारलं, म्हणजे स्प्रिंग कडक करून ठेवली आहे का? सगळेच असं समजतात, आणि इथेच खरी गंमत आहे. स्प्रिंग कडक होत नाही. कड्याने तिचा स्वभाव तसूभरही बदलत नाही. स्प्रिंगचा स्वभाव काय, हे रॉबर्ट हूक नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने सतराव्या शतकातच सांगून ठेवलंय: जितका भार, तितकी ती दबणार. हा हूक मोठा संशयी होता. आपला नियम दुसरा कुणी पळवेल म्हणून १६७६ मध्ये त्याने त्या वाक्याची अक्षरं विस्कटून नुसतं कोडं छापलं, आणि उत्तर दोन वर्षांनी सांगितलं. आमचा मेकॅनिकही उत्तर चहा आल्याशिवाय सांगत नाही, पण चहा लवकर येतो. तर कडं वर चढवलं की स्प्रिंग आधीच थोडी दाबून बसवली जाते. तिच्यावर मोठं ओझं येणार हे गृहीत धरून ती उभी राहते. ओझं आलं की बरोबर जेवढी बसायला हवी तेवढी बसते, आणि खड्ड्यात खाली जायला व उंचवट्यावर वर यायला तिच्याकडे जागा उरते. पण ओझं आलंच नाही, तर ती तशीच ताठ उभी राहते आणि बारीकसारीक धक्काही तुमच्या पाठीत पोचवते. नवऱ्याचे दहा मित्र जेवायला येणार म्हणून स्वयंपाक करून ठेवावा आणि एकच यावा, तसं काहीसं.

धक्का जिरवण्याचं काम स्प्रिंगचं नाहीच. ती धक्का घेते आणि लगेच परत देते. एकटी असती तर गाडी खड्ड्यानंतर पुढच्या चौकापर्यंत झुलत राहिली असती. तिच्या पोटात एक नळी असते, नळीत तेल, आणि दट्ट्याला बारीक छिद्रं. स्प्रिंग उसळली की तेलाला त्या छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या ओढाताणीत धक्क्याची सगळी ताकद उष्णता होऊन विरून जाते. म्हणजे नागपूरच्या एकूण एक खड्ड्यांचं शेवटी ऊन होतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पलीकडे का जातो याचं हे कारण हवामान खात्याने अजून विचारात घेतलेलं नाही.

तर बाबांची गाडी पाचव्या खाचेवर होती, आणि पाचवी खाच म्हणजे आई. आई मागे एका बाजूने बसायची, उजवा हात बाबांच्या खांद्यावर, डाव्या हातात पिशवी. आपल्या नियमांनी तिचा विचार केलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे, मागे बसायची सोय असलेल्या प्रत्येक मोटरसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं आवरण हवं, मागच्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून. कपडे असं मोघम लिहिलं असलं, तरी लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर साडीच होती, अशी माझी खात्री आहे. एवढ्या रुक्ष नियमावलीत कुणीतरी एका पदराची काळजी केली. पदराची केली, वजनाची मात्र कुणी केली नाही. परीक्षेला माणूस एकटाच बसतो, आठ एकट्यानेच काढतो आणि परवानाही एकट्याचाच निघतो. मग दुसऱ्या दिवशी मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं, हँडलला भाजीची पिशवी. चालकाशिवाय एकच माणूस, असं कायदा म्हणतो. आमच्याकडे पोरगं माणसात धरत नाहीत. डबलसीट गाडी वेगळी चालते, उशिरा थांबते, वळणावर जड होते. याची परीक्षा कुठल्याच मैदानावर होत नाही. ती फक्त शॉकअपच्या कड्यावर लिहिलेली असते, आणि वाकून वाचणारा विरळा.

डबलसीट हे आमच्या घराचं खरं वाहन होतं. लहानपणी गणपती आणायला महालातल्या चितार ओळीत जायचो, ते राजदूतवर. मूर्ती आईच्या मांडीवर, मूर्तीच्या तोंडावर रुमाल, आणि मी दोघांच्या मध्ये श्वास रोखून. बाबा त्या दिवशी सायकलवाल्यांनाही पुढे जाऊ देत. इतकं हळू आणि इतकं सुंदर गाडी चालवणं मी पुन्हा पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांना कुणी आठ काढायला सांगितला असता, तर गणपतीसकट काढला असता. त्याआधीच्या पिढीची गोष्ट आणखी निराळी. भंडाऱ्याकडच्या आजोळी आजोबांची बंडी होती. तिला ना स्प्रिंग, ना तेल. आजी बसणार असली की आजोबा बंडीत तणस अंथरायचे. आजी एकटी असली तर थोडी, माहेरून दिलेल्या लोणच्याच्या बरण्या सोबत असल्या तर भरपूर. मागे कोण बसणार आहे ते पाहून बैठक जमवायची, ही विद्या कारखान्यांनी शोधून काढलेली नाही. त्यांनी तिला फक्त खाचा पाडून दिल्या.

मेकॅनिकने एका वाकड्या पान्याने कड्यांवरची माती फोडली, तेल सोडलं आणि कडी करकरत खाली आली. माझ्या एकटीसाठी दुसरी खाच. "अन् मागं कोणी बसत असंन तं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बाबा बसतात. कारण आता तेच बसत होते. दर पंधरवड्याला दवाखाना, पेन्शनचं काम, आणि कधी नुसतंच फुटाळ्यापर्यंत. आईला गुडघ्यांमुळे मोटरसायकल बंद झाली होती. तिची ऑटो ठरलेली. मेकॅनिकने डोळ्यांनीच बाबांचं वजन केलं. बाबा स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते, निदान तसं दाखवत होते. "तीन बस झाली," तो म्हणाला.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "किती?"

"तीन, काका."

"माझ्या वेळी पाच होती."

"तेव्हा काकूही होत्या ना."

यावर ते काही बोलले नाहीत. पण घरी जाताना मागून त्यांचा आवाज आला, "त्या पोराला वजनाचा अंदाज नाही." आजारपणानंतर बाबांचं वजन बरंच उतरलं आहे. दवाखान्यातला काटा ते मान्य करत नाहीत, तो जुना आहे म्हणतात. घरचा काटा चुकीच्या फरशीवर ठेवलेला आहे. आता एका मेकॅनिकने पाचातल्या दोन खाचा सरळ कापून टाकल्या, तेही सगळ्यांसमोर. हूकचा नियम कितीही खरा असला, तरी तो सांगायला कुणीतरी वडीलधारं माणूस हवं होतं. दुसऱ्या दिवशी मी गेले आणि कडी चौथ्या खाचेवर ठेवायला सांगितली. मेकॅनिक म्हणाला, "ताई, उडंन." म्हटलं, उडू दे.

तेव्हापासून आम्ही किंचित उडत जातो. बाबा मागे बसतात ते माझ्या खांद्याला हात न लावता, दोन्ही हात मागच्या मुठीवर. उजवा पाय मात्र हवेत ब्रेक दाबत असतो. चौक आला की मला तो दाब पाठीला जाणवतो. सूचना पूर्वीइतक्याच संक्षिप्त: "गिअर." "म्हैस." "ब्रेकर." ब्रेकर हा त्यांच्या खास जिव्हाळ्याचा विषय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे गाडी त्याच्यावरून लाटेसारखी जाते, हे त्यांना नोकरीपासून पाठ आहे. आमच्या गल्लीतले गतिरोधक उंचीत मानकाच्या पुढे गेलेत आणि रुंदीत त्यांनी काटकसर केली आहे. प्रत्येकावर बाबा पुटपुटतात, "तीन पूर्णांक सात," आणि चौथी खाच आम्हा दोघांना सीटवरून वेगळं करून पुन्हा एकत्र बसवते. परवा अशाच एका उसळीनंतर ते समाधानाने म्हणाले, "बघ, आता बरोबर आहे. पहिले फार नरम केली होती त्यानं." त्या उसळीत त्यांचा एक हात मुठीवरून सुटून माझ्या खांद्यावर आला होता. तो त्यांनी तिथेच ठेवला.

तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. येत्या रविवारी आपल्या गाडीच्या मागच्या चाकाजवळ जरा वाका आणि कडी कितव्या खाचेवर आहेत ते पाहा. बहुतेकांची गाडी कारखान्यातून आली त्याच खाचेवर असते, किंवा गाडी आधी ज्याची होती त्याच्या संसाराच्या खाचेवर. काम दहा मिनिटांचं आहे, मेकॅनिक बहुधा पैसेही घेणार नाही. एकटे फिरत असाल तर खालची खाच, मागे रोज कुणी बसत असेल तर वरची. दोन्ही बाजू मात्र एकाच खाचेवर असू द्या, नाहीतर गाडी रुसल्यासारखी चालते. आणि मागे बसणाऱ्याचं वजन त्यालाच विचारू नका. अंदाज करा, आणि त्यात मानाची एक खाच वाढवा.